‘सांभाळून राहा’ हा सल्ला कुठे संपतो आणि दोष कुठे सुरू होतो

लैंगिक अत्याचार टाळण्यासाठी पोलीस, शाळा आणि घरची मोठी माणसं जे काही सांगतात, त्यातलं बहुतेक मुलींनाच सांगितलेलं असतं. एकटी जाऊ नकोस, मगरिबच्या आत घरी ये, ओढणी नीट घे, अनोळखी माणसाशी बोलू नकोस. काही घडण्याआधी ही काळजी असते. घडल्यानंतर मात्र तेच वाक्य प्रश्न बनून येतं: मग तू तिथे गेलीसच कशाला? अत्याचार करणाऱ्याकडून दोष उचलून सोसणाऱ्याच्या पदरात टाकण्याला ‘व्हिक्टिम ब्लेमिंग’ म्हणतात. शब्द नवा असला तरी सवय जुनी आहे.

ही सवय फक्त अडाणी माणसांची आहे असं समजू नये. जानेवारी 2014 मध्ये आपल्याच राज्याच्या महिला आयोगाच्या एका सदस्यांनी जाहीर कार्यक्रमात मुलींचे कपडे आणि वागणूक यांच्याकडे बोट दाखवलं. दिल्लीची ती मुलगी रात्री सिनेमाला का गेली, शक्ती मिलमधली मुलगी त्या निर्जन जागी का गेली, असंही त्यांनी विचारलं. टीका झाल्यावर त्यांनी माफी मागितली. शक्ती मिलमधली मुलगी पत्रकारितेच्या कामासाठी तिथे गेली होती. ऑगस्ट 2025 मध्ये अहमदाबादेत रस्त्यावर फलक लागले, त्यांवर वाहतूक पोलिसांचं नाव होतं. रात्री उशिरा पार्टीला जाऊ नका, बलात्कार होऊ शकतो, असा त्यांचा मजकूर होता. आरडाओरड झाल्यावर ते उतरवले गेले. बलात्कार करू नका, असा फलक मात्र आम्ही अजून कुठल्याही नाक्यावर पाहिलेला नाही.

आता आपल्या पनवेलचंच पाहू. कळंबोलीला ‘कल्याणी महिला बालसेवा संस्था’ नावाचं बालगृह होतं. तिथे गतिमंद आणि मूकबधिर मुली राहत. 2011 मध्ये तिथले लैंगिक अत्याचार उघडकीला आले. मार्च 2013 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने संस्थेचा संस्थापक आणि त्याच्या साथीदारांना दोषी ठरवलं. संस्थापकाला फाशी सुनावली गेली, ती पुढे उच्च न्यायालयात कायम राहिली नाही. या मुली रात्री बाहेर गेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. त्या चार भिंतींच्या आत, ज्यांच्यावर त्यांना सांभाळायची जबाबदारी होती त्यांच्याच ताब्यात होत्या. आपण मुलींना ज्या ज्या सूचना देतो, त्यातली एकही त्यांच्या कामाची नव्हती. कामाला आली असती ती वेळेवर झालेली तपासणी आणि आत डोकावून बघणारं बाहेरचं कुणीतरी.

देशाचे आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे 2021 मध्ये बलात्काराचे 31,677 गुन्हे नोंदवले गेले आणि त्यातल्या सुमारे 96 टक्क्यांत आरोपी ओळखीचा होता. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक, लग्नाचं वचन देणारा. म्हणजे ‘अनोळखी माणसापासून सावध’ हा धडा आपण घोकून घेतो आणि खरा धोका ज्या दारातून येतो ते दार उघडंच राहतं. त्या दारातून येणाऱ्याला आपण चहासुद्धा विचारतो.

कायद्यातही हा दोष बराच काळ मुरलेला होता आणि तो बाहेर काढण्याची लढाई महाराष्ट्रातूनच सुरू झाली. 26 मार्च 1972 ला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत एका आदिवासी अनाथ मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. प्रकरण तिच्या नावाने ओळखलं जातं, पण पीडितेचं नाव छापू नये असा आज कायदा आहे, म्हणून आम्हीही लिहीत नाही. सत्र न्यायालयाने तिला आधीपासून शरीरसंबंधांची सवय होती असं म्हणून आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नाही, म्हणजे संमती होती, असा तो हिशोब. चौकीत, रात्री, वर्दीतल्या माणसांसमोर एक मजूर मुलगी किती विरोध करणार? 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून हेच विचारलं. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हा त्यातला मुद्दा. देशभर मोर्चे निघाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं स्त्रीने सांगितलं, तर न्यायालय ते मानून चालतं. उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते.

त्यानंतर बरंच बदललं. पीडितेच्या चारित्र्यावर बोट ठेवायची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम 2003 मध्ये गेलं. तिचे आधीचे संबंध संमतीच्या प्रश्नात गैरलागू आहेत, हे 2013 मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘टू फिंगर टेस्ट’ करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल असं बजावलं. 18 वर्षांखालच्या मुलामुलींसाठी पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून आहे. मुलाचं चारित्र्यहनन करणारे प्रश्न कोर्टात विचारू द्यायचे नाहीत, हे त्यात न्यायाधीशांवरच बंधन आहे.

आपल्या घरांत दीनचं नाव घेऊनही हा दोष लावला जातो, म्हणून तेही बोलू. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे (आयत 30), स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. आपल्या बयानांत पहिली आयत घाईत उरकली जाते आणि दुसरीवर तासभर बोललं जातं, असं आमचं मत आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजीत एक रिवायत आहे. नमाजसाठी निघालेल्या एका बाईवर वाटेत एका माणसाने जबरदस्ती केली. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्यासमोर मामला आला, तेव्हा ती एकटी का निघाली, काय घातलं होतं, याची विचारपूस त्यात कुठेच नाही. तिला दिलासा देऊन जाऊ दिलं गेलं.

वर्गात शिकवताना एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. मुलगी सांगत नाही, कारण तिला गुन्हेगारापेक्षा घरच्यांची भीती जास्त असते. रिक्षात कुणी हात लावला हे अम्मीला कळलं तर रिक्षा नाही, शाळाच बंद होईल. मामूचं नाव घेतलं तर खानदानाची इज्जत निघेल आणि तिलाच खोटी ठरवतील. मुलग्यांचं तर आणखी कठीण. पॉक्सो मुलांनाही तेवढंच संरक्षण देतो, पण ‘मर्द होऊन रडतोस?’ या एका वाक्यावर त्यांचं तोंड बंद होतं.

मग सावधगिरी शिकवूच नये का? शिकवावी. वस्तीत दिवा नसेल तर महापालिकेकडे दिवा मागावा आणि तोवर मुलीला आणायला स्टेशनवर जावं, यात दोष देणं कुठे आलं? फक्त सूचनेच्या शेपटाला एक वाक्य जोडावं लागतं: ‘सांगितलेलं पाळलं नाहीस आणि काही झालं, तरी आधी मला सांग, मी तुला रागावणार नाही.’ आणि मुलग्याला बसवून सांगावं की ‘नाही’ म्हणजे नाही, गप्प म्हणजेही नाही, आणि मित्र कुणाची छेड काढत असेल तर हसायचं नाही, त्याला अडवायचं.

काही घडलंच तर पहिल्या तासात ‘का’ विचारू नये. कपडे धुऊ नयेत, कागदी पिशवीत ठेवावेत. शक्यतो 72 तासांच्या आत दवाखाना गाठावा. सरकारी असो वा खासगी, पहिले उपचार मोफत देणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. उशीर झाला, आंघोळ झाली, म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर चालत नाही. बदलापूरला ऑगस्ट 2024 मध्ये चिमुकल्यांच्या पालकांना नोंदीसाठी कित्येक तास थांबावं लागलं होतं, म्हणून हे माहीत असू द्यावं. मुलाचा जबाब घरी घेता येतो, घेणारे पोलीस वर्दीत नसावेत, शक्यतो महिला अधिकारी असावी. लहान मुलावरचा अत्याचार माहीत असून न कळवणं हा शिक्षकासाठीही गुन्हा आहे, शेजाऱ्यासाठीही, आणि मदरशाच्या किंवा शाळेच्या प्रमुखासाठी शिक्षा जास्त आहे. आपसात मिटवून टाकू म्हणणाऱ्या बुजुर्गांनाही हे सांगावं. आर्थिक मदतीसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, त्याची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी. फोन नंबर: मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181, तातडीला 112.