पॉवर बीआयमधला पहिला तक्ता: अलिबागची लोकसंख्या दुप्पट का दिसते?

पॉवर बीआय हे मायक्रोसॉफ्टचे अहवाल बनवण्याचे सॉफ्टवेअर आहे. त्याची डेस्कटॉप आवृत्ती विंडोज संगणकावर फुकट बसवता येते. रंगीत आलेख आणि नकाशे यांचा मोह नवशिक्याला लवकर होतो. सुरुवात मात्र साध्या तक्त्यापासून केलेली बरी, कारण आकडे कुठे चुकत आहेत हे तक्त्यात लगेच दिसते. आलेखात ते लपून जाते.

सरावासाठी 2011 च्या जनगणनेचा रायगड जिल्ह्याचा प्राथमिक गोषवारा चांगला. ही एक्सेल फाइल इंग्रजीत असते. त्यातल्या 'लेव्हल' या स्तंभात ती ओळ जिल्ह्याची, तालुक्याची, शहराची की गावाची हे कळते. 'नेम' म्हणजे नाव आणि 'टॉट_पी' म्हणजे एकूण लोकसंख्या. 'टीआरयू' या स्तंभात ती ओळ एकूण, ग्रामीण की शहरी हे लिहिलेले असते. हा शेवटचा स्तंभ लक्षात ठेवावा, पुढे तोच लागणार आहे.

'होम' मधील 'गेट डेटा' वर जाऊन एक्सेल फाइल निवडावी, हवे ते शीट टिकवावे आणि 'लोड' करावे. मग 'व्हिज्युअलायझेशन्स' पट्टीतील तक्त्याच्या चिन्हावर क्लिक केले की पानावर रिकामी चौकट येते. चौकट निवडलेली असतानाच 'डेटा' पट्टीत 'नेम' आणि 'टॉट_पी' यांवर टिक करावी. तक्ता तयार झाला. आता 'फिल्टर्स' पट्टीत 'लेव्हल' ओढून फक्त तालुके ठेवावेत आणि 'नेम' मध्ये उरण, अलिबाग, मुरुड व श्रीवर्धन हे किनाऱ्यावरचे चार तालुके निवडावेत.

अलिबागसमोर आकडा येतो 4,72,334. खरी लोकसंख्या आहे 2,36,167, म्हणजे बरोबर निम्मी.

सॉफ्टवेअर बिघडलेले नाही. फाइलमध्ये अलिबाग तालुक्याच्या तीन ओळी आहेत: एकूण, ग्रामीण आणि शहरी. पॉवर बीआय एक्सेलसारखे सगळ्या ओळी एकाखाली एक मांडत नाही. एकाच नावाच्या ओळी ते एकत्र करते आणि त्यांच्या आकड्यांची बेरीज करते. ग्रामीण अधिक शहरी म्हणजेच एकूण, त्यात 'एकूण' ची ओळ आणखी एकदा मिळवली की दुप्पट. सगळेच आकडे सारख्या पटीने फुगल्यामुळे तालुक्यांचा क्रम बदलत नाही, म्हणून शंकाही येत नाही. अशा तक्त्यावरून पाण्याची किंवा शाळांची गरज काढली तर तीही दुप्पट निघेल.

उपाय एका फिल्टरचा आहे. 'टीआरयू' फिल्टरमध्ये ओढून फक्त 'टोटल' वर टिक करावी. मग असे दिसते:

अलिबाग – 2,36,167
मुरुड – 74,207
श्रीवर्धन – 83,027
उरण – 1,60,303
एकूण – 5,53,704

दुसरी नेहमीची अडचण सांकेतिक क्रमांकांची. या जनगणनेत रायगडचा क्रमांक 520 आहे. तो स्तंभ संख्या म्हणून आत आला असेल, तर त्याच्या नावाशेजारी बेरजेचे 'सिग्मा' चिन्ह दिसते आणि तक्त्याच्या तळाला 2080 असा अर्थहीन आकडा उमटतो. स्तंभाच्या नावाजवळच्या बाणावर क्लिक करून 'डोन्ट समराइझ' निवडले की बेरीज थांबते. याच यादीत 'अ‍ॅव्हरेज' ही असते. ते लोकसंख्येला लावले तर तळाच्या ओळीत बेरजेऐवजी 1,38,426 ही चार तालुक्यांची सरासरी येते. तळाची ओळ वरच्या ओळी मिळवून बनत नाही, निवडलेली क्रिया मूळ माहितीवर पुन्हा करून बनते.

'डोन्ट समराइझ' चाही एक तोटा आहे. दोन ओळी सर्व दिसणाऱ्या स्तंभांत तंतोतंत सारख्या असतील तर तक्ता त्यांची एकच ओळ दाखवतो. विक्रीच्या किंवा पावत्यांच्या नोंदींत हे सहज घडते. अशा वेळी पावती क्रमांकासारखा प्रत्येक ओळीला वेगळा असणारा स्तंभ तक्त्यात ठेवावा.

ग्रामीण आणि शहरी आकडे शेजारी शेजारी हवे असतील तर साध्या तक्त्याऐवजी 'मॅट्रिक्स' घ्यावा: ओळींत तालुके, स्तंभांत 'टीआरयू'. तिथे फिल्टर उलटा लावायचा, म्हणजे 'टोटल' वगळून उरलेले दोन ठेवायचे. एकूण आकडा मॅट्रिक्स स्वतःच काढतो.