अक्षर आणि त्याच्या मागचा रंग

मंडळी, मागच्या खेपेला एकाने विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचा संगणकाशी काय संबंध? सांगतो.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्याच्या रंगीत कार्डावर मजकुराचा पडदा म्हणजे ८० रकाने, २५ ओळी. एकूण २००० घरं. प्रत्येक घराला दोन बाइट, एकात अक्षर, दुसऱ्यात रंग. रंगाच्या बाइटमध्ये चार बिट अक्षराला, तीन मागच्या रंगाला, आणि उरलेला एक लुकलुकण्याला! म्हणून अक्षराला १६ रंग आणि पार्श्वभूमीला ८च. टर्बो सीमध्ये तेच आलं: 'टेक्स्टकलर'ला ० ते १५, 'टेक्स्टबॅकग्राउंड'ला ० ते ७. (आपल्या कॉलेजांत हे टर्बो सी विंडोज आल्यावरही कितीतरी वर्षं शिकवलं गेलं. त्यावर हसतात लोक. मला नाही हसू येत.)

या व्यवस्थेत अक्षर आपली जमीन बरोबर घेऊन येतं. नवं अक्षर लिहिलं की जुनं त्याच्या पार्श्वभूमीसकट जातं.

नव्वदीच्या दशकात भोसरीच्या एका लहान कारखान्यात माझा एक विद्यार्थी पडद्यावर नगांची मोजणी दाखवत होता. कामगारांना वाचता यावं म्हणून त्याला मराठी हवं होतं. कार्डातल्या ठरीव अक्षरांत देवनागरी नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड हा त्यावर उपाय होता, पण ते त्याच्याकडे नव्हतं. म्हणून तो ग्राफिक्स मोडमध्ये गेला आणि अक्षरं स्वतः रेखाटली. आकडे मात्र तयार 'आउटटेक्स्टएक्सवाय'ने लिहिले.

दुसऱ्याच नगाला घोटाळा. ७ वर ८, ८ वर ९. दुपारपर्यंत तिथे नुसता पांढरा डाग. पाळीचा हिशेब अडला आणि पोरावर बोलणी बसली.

कारण असं, की ग्राफिक्समध्ये अक्षर फक्त आपल्या रेषा काढतं, मागची जमीन रंगवत नाही. त्याने 'सेटबीकेकलर' वापरून पाहिलं, तर सगळा पडदा निळा झाला आणि डाग तसाच! ती आज्ञा एका अक्षराच्या मागचा रंग बदलत नाही, रंगपेटीतला शून्य क्रमांकाचा रंगच बदलते. जिथे जिथे शून्य, तिथे तिथे निळं. आकृतीला स्वतःची पार्श्वभूमी असते का, हा प्रश्न मी वर्गात वर्षानुवर्षं घातला होता. उत्तर असं समोर येईल असं वाटलं नव्हतं.

उपाय दोन. 'बार'ने तिथे भरीव चौकोन काढून जागा साफ करायची, नाहीतर जुना आकडाच पार्श्वभूमीच्या रंगात पुन्हा लिहायचा, म्हणजे तो दिसेनासा होतो. त्याने दुसरा निवडला. पण त्यासाठी आधी काय लिहिलं होतं ते ठाऊक हवं. मग प्रोग्राममध्ये त्याने एक व्हेरिएबल वाढवला, मागचा आकडा धरून ठेवायला.