चालू, बंद आणि मधलं

ब्रिटिश घरातलं हीटिंगचं पहिलं कंट्रोल म्हणजे नाणं. आमच्या धंद्यातले जुने सोबती हे ऐकून हसतील, पण साठच्या दशकाच्या शेवटी मी लेस्टरला आलो तेव्हा भाड्याच्या खोलीत गॅसची शेगडी आणि शेजारी मीटर, एवढाच थाट होता. खाचेत शिलिंग सरकवायचं, मूठ फिरवायची, आत नाणं खळ्ळकन पडलं की शेगडी पेटवायची. पैसे संपत आले की ज्योत बारीक होत होत विझायची. घरमालकिणीने मीटरचा दर स्वतःच लावून ठेवलेला, अर्थात गॅस बोर्डापेक्षा चढा. असे मीटर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कामगारांच्या वस्त्यांत गॅस पोचावा म्हणून आले. तेव्हा पेनी टाकायची. गॅसचा वास मात्र मला परका नव्हता. आमचं बालपण लालबागला, गॅस कंपनीच्या गल्लीजवळ गेलेलं. तिथेही कोळसा भाजून काढलेला गॅस, इथेही तोच.

पण इथला तो गॅस जाऊ घातला होता. १९६५ साली उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. त्याची उष्णता जुन्या गॅसच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून १९६७ ते १९७७ या काळात सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहकांच्या घरी जाऊन बर्नर आणि जेट बदलावे लागले. त्या धांदलीत पाना धरता येणाऱ्या कुणालाही काम मिळायचं, तसं मलाही मिळालं. गॅस स्वस्त झाला. १९५६च्या स्वच्छ हवेच्या कायद्याने धुराच्या कोळशाला आधीच चाप लावला होता. गॅसचे बॉयलर घरोघर बसू लागले आणि आता ऊब आवरायची कशी, हा प्रश्न आला.

उत्तर आधी घड्याळवाल्यांनी दिलं. बाथ शहरातली हॉर्स्टमन कंपनी रस्त्यावरचे गॅसचे दिवे आपोआप लावणारी आणि विझवणारी घड्याळं बनवायची. पुढे तिचेच टायमर स्वयंपाकघराच्या भिंतीवर, बॉयलरशेजारी दिसू लागले. मग हॉलमध्ये थर्मोस्टॅट आला. दोन धातूंच्या जोडपट्टीचा थर्मोस्टॅट ग्लासगोच्या अँड्र्यू यूरने १८३० साली पेटंट केला होता, तोही कापडगिरण्यांसाठी. गिरणगावातल्या पोराला याचं कौतुक वाटणारच.

या थर्मोस्टॅटची एक गंमत सांगतो. पट्टीला हवा तापल्याचं उशिरा कळतं, तोवर खोली दोनतीन अंशांनी जास्त तापते. म्हणून आत एक चिमुकला रेझिस्टर असायचा. बॉयलर चालू असेपर्यंत तो पट्टीला किंचित शेक द्यायचा, म्हणजे पट्टी वेळेआधीच ‘टक्’ करून वीज तोडायची. त्याला न्यूट्रलची वेगळी तार लागते. ती ओढायची म्हणजे प्लास्टर फोडा, कारपेट उचला. इलेक्ट्रिशियन मंडळी सरळ ती तार गाळायची. थर्मोस्टॅट चालायचा, पण आळशासारखा. घरातली बाई म्हणायची, हॉल एकदा भट्टी होतो, एकदा गारठतो. मी झाकण काढायचो, न्यूट्रलचा स्क्रू कोरा दिसायचा. काही पेन्सची तार वाचवून लोकांनी वर्षानुवर्षं गॅस जाळलाय.

रेडिएटरवरचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह डॅनफॉसच्या मॅड्स क्लाउसनने १९४३च्या सुमारास डेन्मार्कमध्ये काढला. वस्तू गुणी. निजायची खोली थंड, बैठकीची गरम, असं तिच्यामुळे साधतं. पण ती फक्त आपल्या रेडिएटरचं पाणी अडवते, बॉयलरला काही कळवत नाही. नुसते व्हॉल्व्ह बसवले तर सगळ्या खोल्या गरम झाल्यावरही बॉयलर स्वतःशीच पेटत-विझत राहतो. आणि हॉलमध्ये खोलीचा थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरवर व्हॉल्व्ह लावला, तर दोघांत जुंपते. हा घोळ मी निवृत्त होईपर्यंत पाहिला.

माझं म्हणणं असं, की शिलिंग, टायमर, थर्मोस्टॅट ही सगळी एकाच वंशाची. तिघांनाही दोनच गोष्टी येतात: चालू आणि बंद. बॉयलर पेटला की पूर्ण ताकदीने पेटणार. किती पेटवायचं, हे विचारायची सवय या देशाला लागलीच नाही. जुन्या बॉयलरला त्याने फारसं बिघडत नसे. २००५पासून इंग्लंड-वेल्समध्ये कंडेन्सिंग बॉयलर सक्तीचे झाले, तेव्हा मात्र बिघडलं. हा बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता परत घेतो, पण त्यासाठी रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं. जितकं खाली, तितकं बरं. आम्ही बसवून द्यायचो ७५-८० अंशांवर, कारण तसं केलं की गिऱ्हाइकाची ‘गरम होत नाही’ म्हणून तक्रार येत नसे.

२०१८च्या ‘बॉयलर प्लस’ नियमांनी इंग्लंडमध्ये नव्या कॉम्बी बॉयलरबरोबर आणखी एक उपाय करायला लावला. बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचं तापमान बदलणारं कंट्रोल घ्या, खोलीच्या गरजेप्रमाणे बदलणारं घ्या, धुरातली उष्णता परत मिळवणारं यंत्र घ्या, किंवा स्मार्ट थर्मोस्टॅट घ्या. बहुतेकांनी फोनवरून चालणारी डबी पसंत केली. त्यातल्या पुष्कळशा डब्या आतून पुन्हा चालू-बंदच.

ऑक्टोबर २०२२मध्ये वीज-गॅसच्या दरमर्यादेनुसार सरासरी वापराच्या घराचं वर्षाचं बिल ३,५४९ पौंडांवर जाणार होतं. सरकारने मध्ये पडून ते २,५०० च्या आसपास धरलं. तेव्हा मला आमच्या मराठी मंडळातल्या लोकांचे फोन सुरू झाले: काका, कुठलं कंट्रोल घेऊ? मी म्हणायचो, आधी काही घेऊ नका. बॉयलरवर रेडिएटरचं चित्र असलेला नॉब आहे, तो ६०वर आणा. घर तापायला वेळ लागेल, तर टायमर अर्धा तास अलीकडे ओढा. मग दोन दिवस बघा आणि घर पुरेसं गरम राहिलं तर ५५ करा. थर्मोस्टॅट आहे की नाही ते तपासा, नसेल तर साधा घ्या. व्हॉल्व्ह त्यानंतर, आणि तेही न वापरलेल्या खोल्यांत आधी. मात्र घरात गरम पाण्याची टाकी असेल तर टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापलंच पाहिजे, नाहीतर लीजनेलाचे जंतू वाढतात. त्यासाठी बॉयलरचं पाणी त्याहून गरम हवं, तिथे नॉब ६५च्या खाली नेऊ नका.