दप्तरात न आलेले अन्न

धान्य मोजता येते, साठविता येते, म्हणून त्यावर सारा बसतो. आणि जेथे सारा तेथे दप्तर. इतिहासकार दप्तर वाचतो, म्हणून त्याला धान्य दिसते. कंद जमिनीखाली राहतो, लागेल तेव्हा उकरावयाचा. त्याची नोंद कोण ठेवणार?

मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकांचे उदाहरण घ्या. ते मुख्यतः मक्यावर जगत, असे विद्वान दीर्घकाळ मानीत. शिल्पांत मक्याचा देव, पुराणकथेत मक्यापासून घडलेला मनुष्य! १९६६ मध्ये बेनेट ब्रॉन्सन यांनी कंदमुळांकडे लक्ष वेधले. पण कुजणाऱ्या वस्तूचा पुरावा कोठून आणावयाचा? तो २००७ मध्ये एल साल्वादोर देशातील होया दे सेरेन येथे मिळाला. हे गाव सुमारे १४०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. पेसन शीट्स यांच्या पथकाला तेथे कसाव्याचे आखीव वाफे सापडले. आपल्या उपवासाचा साबुदाणा होतो, तेच हे मूळ. मुळे केव्हाच कुजली होती. राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या होत्या. त्यांत प्लास्टर ओतताच मुळांचे आकार पुन्हा प्रकट झाले.

आपल्या गडचिरोलीच्या रानात हे ज्ञान राखेत शोधावे लागत नाही. जाणकार माणसे हयात आहेत. पावसाळा सरला की वेल वाळतो. मग कंदाची जागा ओळखणे हीच एक विद्या. कित्येक रानकंद कडू, काही तर विषारी. ते चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून निर्धोक करावे लागतात. ही कृती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध झाली आहे. आणि आपण शहरवासी मात्र कंदमुळांना दुष्काळातील नाइलाजाचे अन्न समजतो! माडिया-गोंडांच्या घरी तो ऋतुमानाचा नित्याचा घास आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांच्या व्याख्येत मुळे आणि कंद यांचा स्पष्ट उल्लेख केला. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कंद अखेर दप्तरात आला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु कायदा वाळलेल्या वेलाची जागा दाखवीत नाही, की कंदाचा कडूपणा उतरवीत नाही. ते ज्ञान गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांपाशी आहे. त्यांच्यापाशी बसून ते आजच शिकून घेतले नाही, तर मागे राहणारी पोकळी कोणत्याही प्लास्टरने भरून यावयाची नाही.