लोणार सरोवर (जि. बुलढाणा)

बुलढाणा जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, लोणार या तालुक्याच्या गावाला लागून असलेले खाऱ्या व अल्कधर्मी पाण्याचे नैसर्गिक सरोवर. अशनीच्या आघाताने काळ्या बसाल्ट खडकात पडलेल्या विवराच्या तळाशी ते साचले आहे. बसाल्टमधील आघाती विवरे पृथ्वीवर मोजकीच असून त्यांत सर्वांत सुस्थितीत राहिलेले विवर हेच. विवराचा सारा परिसर २००० साली वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२० मध्ये सरोवराचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत करण्यात आला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरनंतर हा मान मिळवणारे ते महाराष्ट्रातील दुसरे स्थळ होय.

विवराचा व्यास कड्यापासून कड्यापर्यंत सुमारे १.८ किमी. आणि खोली सुमारे दीडशे मीटर आहे. तळातील पाण्याचा विस्तार ऋतुमानानुसार कमीजास्त होतो. साधारणपणे तो सव्वा किलोमीटर व्यासाचा असतो. आजूबाजूचा मुलूख जवळजवळ सपाट आहे. ज्वारी, तूर, सोयाबीन, कापूस यांच्या शेतांतून रस्ता गावात शिरतो आणि विवर शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. भोवतालच्या जमिनीपासून वीसेक मीटर उंचावलेली कड चढून गेले की एकदम सारा उतार, त्यावरचे जंगल आणि तळाचे हिरवट पाणी समोर येते. वऱ्हाडात तळी, धरणे पुष्कळ आहेत, परंतु असे अचानक दर्शन घडवणारे दुसरे पाणी नाही.

कडेच्या उघड्या भागात बसाल्टचे एकावर एक बसलेले थर स्पष्ट ओळखू येतात. दख्खनच्या पठारावर हे थर एरवी आडवे असतात. येथे मात्र ते केंद्रापासून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. आघाताच्या धक्क्याने कड उचलली गेली, तिची ही खूण. विवराबाहेर सर्व बाजूंनी सुमारे एक ते दीड किलोमीटरपर्यंत आतून उडालेल्या दगडमातीचे आवरण पसरलेले आहे. आज त्यावर शेते आणि वस्ती आहे. लोणारचा बराच भाग विवराच्या पोटातून बाहेर फेकल्या गेलेल्या मलब्यावर वसला आहे, हे गावात फिरताना ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

विवराच्या उत्पत्तीचा प्रश्न दीडशे वर्षे वादात होता. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. भोवती सगळा ज्वालामुखीजन्य खडक असल्यामुळे एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांनी याला ज्वालामुखीचे मुख किंवा स्फोटाने खचलेली जागा मानले, आणि त्या काळच्या ज्ञानाला धरून ते योग्यच होते. १८९६ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारचे साम्य दाखवले होते. निर्णायक पुरावा १९७३ मध्ये पुढे आला. तळात घेतलेल्या विंधन छिद्रांमधून निघालेल्या खडकांत मॅस्केलिनाइट हा काचसदृश पदार्थ सापडला. फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड दाबाचा धक्का बसला तरच तो बनतो. ज्वालामुखीतून तसा दाब निर्माण होत नाही. येऊन आदळलेल्या अशनीचा मोठा तुकडा मात्र सापडलेला नाही. आघाताच्या उष्णतेने त्याची वाफ झाली असावी असे मानतात.

विवराच्या वयाबाबत अजून एकमत नाही. आघाताने वितळलेल्या काचेच्या उष्मादीप्ती पद्धतीने केलेल्या मापनातून सुमारे ५२,००० वर्षे हे वय निघाले. आरगॉन समस्थानिकांच्या पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे आले. दोन्ही आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर आहे, तेव्हा फलकांवर आणि पुस्तिकांत छापलेला एखादा आकडा अंतिम मानू नये. ज्या बसाल्टमध्ये हे विवर पडले तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, एवढे निश्चित. चंद्रावरील गडद मैदाने आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बसाल्टचाच असल्यामुळे तेथील विवरे समजून घेण्यासाठी जगभरचे अभ्यासक लोणारला येतात. भारतात मध्य प्रदेशातील ढाला आणि राजस्थानातील रामगढ येथेही आघाती रचना आहेत. पण त्या इतक्या झिजल्या आहेत की सामान्य पाहणाऱ्याला विवराचा आकार तेथे सहज उमगत नाही. लोणारला तो शाळकरी मुलालाही एका नजरेत कळतो.

सरोवराचे सारे वैशिष्ट्य एका गोष्टीतून आले आहे : पाण्याला येथे आत येण्याच्या वाटा आहेत, बाहेर जाण्याची वाट नाही. पावसाचे पाणी चारी उतारांवरून खाली येते. ईशान्येच्या बाजूस धार, आणि शिवाय रामगया, सीता न्हाणी या ठिकाणी गोड्या पाण्याचे झरे आहेत. हे सर्व पाणी तळाशी जमते आणि केवळ वाफ होऊन उडते; त्याने खडकांतून विरघळवून आणलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षांच्या या साठवणीने पाणी खारट तर झालेच, शिवाय सोड्यामुळे तीव्र अल्कधर्मीही झाले. त्याचा सामू १० च्या आसपास असतो. असे पाणी सामान्य माशांना मानवत नाही. सूक्ष्मजीवांना मात्र ते फार मानवते. स्पायरुलिनासारख्या नील-हरित सूक्ष्मजीवांच्या दाट वाढीमुळे पाण्याला हिरवा रंग येतो, आणि तळातील कुजणाऱ्या सेंद्रिय गाळामुळे काठावर गंधकासारखा उग्र वास जाणवतो. पहिल्यांदा येणाऱ्याला तो वास प्रदूषणाचा वाटतो. तो मुळात या सरोवराचा स्वतःचा आहे.

हे क्षार कित्येक शतके लोकांच्या उपयोगी पडले. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त मेहकर सरकारातील लोणारचा उल्लेख तीर्थ म्हणून आहे आणि काच व साबण यांसाठी लागणारा माल देणारी जागा म्हणूनही आहे. उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर क्षारांचे थर उघडे पडत. दल्ला, खप्पल, पपडी, भुसकी अशी त्यांच्या प्रतींची नावे जुन्या नोंदींत आढळतात. निजामाच्या अमलात हा उत्पन्नाचा भाग होता. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेल्यावरही क्षार काढणे चालू राहिले. पुढे कारखान्यातला सोडा स्वस्त झाला आणि हा धंदा बसला.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी काही दिवसांतच गुलाबी झाले. उपग्रहाच्या छायाचित्रांतही हा बदल दिसला आणि लोणारचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा असल्याचे दिसून आले. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला, त्यामुळे त्यांची वाढ झपाट्याने झाली. पाऊस पडून गोडे पाणी मिसळल्यावर गुलाबी छटा ओसरली. चमत्कार किंवा अरिष्ट म्हणून या घटनेकडे बघण्यात काही हशील नाही, पण पाण्याचे प्रमाण थोडे बदलले तरी येथली सारी सजीवसृष्टी किती चटकन बदलते, हे तिने सर्वांना डोळ्यांनी दाखवले.

अभयारण्याचे क्षेत्र सुमारे पावणेचार चौरस किलोमीटर, म्हणजे अगदी लहान; पण उतरताना त्यात वनस्पतींचे वेगवेगळे पट्टे लागतात. वरच्या उतारावर साग, सीताफळ आणि इतर पानझडी झाडे. खाली चिंच व बाभळीची दाटी. त्यानंतर क्षारांमुळे उजाड झालेली चिखलाची पट्टी आणि मग पाणी. बाहेरून आलेल्या वेड्या बाभळीने काठ बराच व्यापला होता आणि ती काढण्याचे काम वनविभागाला करावे लागले. धारेच्या खालच्या बाजूस पूर्वी केळी-पपईची शेती होत असे. अभयारण्य झाल्यावर ती थांबली. वानर आणि मोर हमखास दिसतात. घोरपडी आहेत, पडक्या देवळांत वटवाघळे आहेत. पक्ष्यांच्या दीडशेहून अधिक जातींची नोंद येथे आहे, आणि हिवाळ्यात पाण्यावर स्थलांतरित बदके व काठावर पाणपक्षी उतरतात. मासे नसतानाही पाण्यावर पक्षी येतात, कारण त्यांचे अन्न येथल्या सूक्ष्मजीवांत आणि कीटकांत आहे.

खाली उतरण्याची सर्वांत परिचित वाट धारेपासून सुरू होते. धार, म्हणजेच धारातीर्थ किंवा गोमुख, हा कडेजवळचा बारमाही झरा. तेथे दगडी बांधणीचे कुंड आणि भोवती देवळे आहेत. वरची गर्दी येथेच थांबते. पायऱ्या उतरून झाडीत शिरल्यावर गावाचा आवाज हळूहळू मागे पडतो आणि हवेतही फरक जाणवतो. विवरात काठाकाठाने रामगया, वाघ महादेव, मोर महादेव आदी मंदिरे विखुरलेली आहेत. बहुतेक देवळे बाराव्या-तेराव्या शतकांच्या आसपासची, चालुक्य-यादव परंपरेतली, चुन्याविना दगडावर दगड बसवून बांधलेली. लोक त्यांना सरसकट हेमाडपंती म्हणतात. काहींचे शिखर ढासळले आहे, काहींत मूर्ती नाही. तरी खांबांवरचे कोरीवकाम पाहण्यासारखे आहे.

काठावर आजही जागते असलेले देऊळ कमळजा देवीचे. नवरात्रात तेथे यात्रा भरते आणि पंचक्रोशीतल्या बायाबापड्या विवर उतरून दर्शनाला येतात. अभ्यासकांना लोणार अशनीसाठी ठाऊक असेल. या मुलखातील लोकांचे लोणार कमळजेचे आहे. पाणी वाढले की ते देवळाच्या अगदी जवळ येऊन ठेपते. देवळासमोरची सासू-सुनेची विहीर प्रसिद्ध आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, असे सांगतात. गोड्या झिऱ्यांचे पाणी आणि सरोवराचे झिरपणारे पाणी ज्या पट्टीत एकमेकांना भेटते तेथेच ही विहीर आहे, त्यामुळे या समजुतीमागे काठावरच्या लोकांचे बारीक निरीक्षण असावे.

पुराणकथेनुसार लवणासुर नावाचा दैत्य येथे भुयारात दडून राहत असे. विष्णूने दैत्यसूदन रूप घेऊन भुयाराचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि त्याचा वध केला. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त आणि त्यातले क्षार हे त्याचे मांस, असे मानतात. वरून झालेला आघात, उडालेले झाकण, उघडा पडलेला खड्डा हे कथेतले तपशील भूविज्ञानाच्या निष्कर्षाशी जुळल्यासारखे वाटतात. परंतु आघाताच्या वेळी ती कथा रचणारे कोणी येथे नव्हते. खारे पाणी आणि भलाथोरला खळगा पाहूनच ती सुचली असणार.

या कथेचे सर्वांत देखणे रूप सरोवरात नसून गावात आहे. गावातील दैत्यसूदन मंदिर तारकाकृती विधानाचे असून त्याच्या बाह्य भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी आणि मैथुनशिल्पे यांच्या रांगा आहेत. आतील छतावर पुराणप्रसंग कोरलेले आहेत. विदर्भातील मध्ययुगीन शिल्पकलेत याची गणना वरच्या श्रेणीत करावी लागते. सरोवर पाहून गावात न शिरताच परतणारे निम्मे लोणार सोडून जातात. गावातली लिंबी बारव ही दगडी पुष्करणीही पाहावी. विवराच्या उत्तरेस सुमारे पाऊण किलोमीटरवर अंबर तळे नावाचा एक लहान गोल खळगा आहे. अशनीच्याच एखाद्या तुकड्याने तो पडला असे पूर्वी समजत; अलीकडे अभ्यासकांनी त्याबद्दल शंका घेतली आहे. त्याच्या काठी मोठ्या मारुतीचे देऊळ असून मूर्ती निजलेल्या स्थितीत आहे.

बाहेर जाण्याची वाट नसणे हेच या सरोवराचे बळ आणि तेच त्याचे दुखणे. क्षार जसे आत साठले तसेच वरून येणारे सांडपाणी, शेतातली खते, प्लास्टिक हेही आतच साठणार. वाहत्या नदीला पुरात थोडेफार धुऊन निघता येते. लोणारला ती सोय नाही. गाव कडेवरच वसलेले असल्याने वस्तीचे पाणी उताराने विवराकडे येते. विवराच्या संवर्धनासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका अनेक वर्षे चालली आणि न्यायालयाने देखरेखीसाठी समितीही नेमली. वन, पुरातत्त्व, महसूल आणि नगर परिषद असे अनेक कारभारी एकाच जागेवर आहेत, त्यामुळे कामे रेंगाळतात. गोड्या पाण्याची आवक बेसुमार वाढणे हेही या सरोवराला घातकच आहे, कारण खारेपणा उतरला तर त्यावर जगणारी सूक्ष्मसृष्टी नाहीशी होईल आणि उरेल ते इतर तळ्यांसारखे एक तळे. पर्यटन वाढवण्याच्या आराखड्यांत काठावर बागा, कारंजी, नौका सुचवण्याचा मोह वेळोवेळी होतो. जिल्ह्यात तशा प्रकारचे रमणीय स्थळ शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने आनंद सागर येथे तलावाकाठी उभारलेले आहे. ते मुद्दाम माणसांसाठी घडवले आणि तेथे ते शोभते. लोणारचा काठ घडवायचा नाही, राखायचा आहे.

लोणार मेहकरपासून सुमारे २५ किमी., जालन्यापासून सुमारे ९० किमी. आणि छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १४० किमी. अंतरावर असून एस. टी. ने जाता येते. समृद्धी महामार्गावरून मेहकरकडे उतरूनही पोचता येते. जवळचे सोयीचे रेल्वेस्थानक जालना. राहण्यासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान विवराच्या कडेजवळ आहे. जिजाबाईंचे जन्मस्थान सिंदखेड राजा आणि मेहकरचे शारंगधर बालाजी मंदिर याच वाटेवर पाहता येतात. पावसाळ्याच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ भेटीस उत्तम. एप्रिल-मेमध्ये खडक तापतो आणि परतीची चढण जड जाते. केवळ कडेवरून पाहण्यास पंधरा मिनिटे पुरतात, पण खाली उतरून कमळजेपर्यंत जाऊन येण्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवावा. पाय चिखलात रुततात म्हणून पाण्याच्या अगदी कडेला जाऊ नये, स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा, पिण्याचे पाणी वरूनच न्यावे आणि नेलेली बाटली, पिशवी, पुडी परत वर आणावी. उन्हे कलण्याआधी विवराबाहेर यावे.