आर्केड कॅबिनेट: नाण्याच्या यंत्रापासून घरच्या बांधणीपर्यंत



जुन्या व्हिडिओ गेम्सचे कॅबिनेट घरी बांधावे, असा विचार तुमच्यापैकी काहींनी केला असेल. कोणी प्रकल्प म्हणून, कोणी निव्वळ हौस म्हणून. लाकडी खोका, आत छोटा संगणक, समोर पडदा, खाली जॉयस्टिक आणि बटणे. वरवर पाहता काम सोपे वाटते. पण सुरुवात केली की प्रश्न उभे राहतात. पडदा उभा लावायचा की आडवा? जॉयस्टिक चार दिशांची घ्यायची की आठ? बटणे तीन पुरतील की सहा लागतील? या प्रश्नांची उत्तरे सुताराकडे नाहीत. ती या यंत्राच्या इतिहासात आहेत.

हा इतिहास आपण चार टप्प्यांत पाहू. सुरुवातीला हे यंत्र एकसंध होते. पुढे प्रत्येक टप्प्यावर त्याचा एकेक भाग सुटा होत गेला. त्यामुळे यंत्र स्वस्त झाले, टिकाऊ झाले. पण दर वेळी काहीतरी हरवलेही. घरी कॅबिनेट बांधणारा माणूस हे सुटे झालेले भाग पुन्हा जोडत असतो. हे सूत्र लक्षात ठेवून पुढे वाचा.

१. खेळ म्हणजेच सर्किट

१९७१ साली अमेरिकेत नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी तयार केलेला 'कॉम्प्युटर स्पेस' हा खेळ नटिंग असोसिएट्स या कंपनीने बाजारात आणला. फायबरग्लासच्या वळणदार खोक्यात एक साधा कृष्णधवल टीव्ही बसवलेला होता. खेळ फारसा चालला नाही. पुढच्या वर्षी या दोघांनी अटारी ही कंपनी काढली आणि त्यांच्याकडील अभियंता ॲलन अल्कॉर्न याने 'पाँग' बनवला. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे अँडी कॅप्स टॅव्हर्न या मद्यगृहात त्याचा पहिला नमुना ठेवला होता. काही दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्नने उघडून पाहिले, तर नाण्यांचा डबा गच्च भरल्याने पुढचे नाणे आत जात नव्हते.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. 'पाँग'मध्ये मायक्रोप्रोसेसर नव्हता, म्हणून प्रोग्रामही नव्हता. काउंटर, फ्लिप-फ्लॉप आणि गेट अशा लॉजिक आयसी एकमेकांना जोडून चेंडू, फळ्या आणि गुण थेट व्हिडिओ सिग्नल म्हणून तयार होत. खेळाचे नियम बदलायचे तर तारा आणि आयसी बदलाव्या लागत. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात तुम्ही जे काउंटर सोडवता, तेच काउंटर इथे चेंडूची जागा मोजत होते. म्हणूनच आजही 'पाँग'ची नक्कल करायची तर वाचून घ्यायला प्रोग्राम सापडत नाही; संपूर्ण सर्किटची जोडणी मांडून ते सिम्युलेट करावे लागते.

२. प्रोग्राम सर्किटपासून सुटा झाला

१९७५ साली मिडवे कंपनीच्या 'गन फाइट'मध्ये इंटेलचा ८०८० हा मायक्रोप्रोसेसर आला आणि खेळाचे नियम रॉममध्ये गेले. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी केलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' याच प्रोसेसरवर चालत असे. शत्रू मारत जावे तसे उरलेले शत्रू वेगाने सरकतात, हे त्या खेळाचे वैशिष्ट्य. त्याचे मूळ साधे आहे: पडद्यावर कमी आकृत्या उरल्या की प्रोसेसरला त्या हलवायला कमी वेळ लागतो. यंत्राची मर्यादाच इथे खेळाची रंगत ठरली.

प्रोग्राम सुटा झाला, तरी सगळा खेळ काही प्रोग्राममध्ये गेला नव्हता. 'स्पेस इन्व्हेडर्स'चा मूळ पडदा कृष्णधवल होता. खालच्या बाजूचा हिरवा रंग पडद्यावर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्टीचा होता. प्रोग्रामला त्याची काहीच कल्पना नव्हती. उभ्या कॅबिनेटमध्ये आरसा वापरून मागच्या रंगवलेल्या चंद्रभूमीवर शत्रूंची प्रतिमा उमटवली जाई. आवाज स्वतंत्र ॲनालॉग सर्किटमधून येत. म्हणजे रॉममधली प्रत्येक बिट जपून ठेवली, तरी रंग, चंद्र आणि आवाज हाती लागत नाहीत. ते पट्टीत, आरशात आणि कपॅसिटरमध्ये होते.

याच काळात पडद्याची दिशा आणि हाताची साधने खेळागणिक ठरू लागली. १९८० चा 'पॅक-मॅन' हा नामको कंपनीचा, तोरु इवातानी यांनी रचलेला खेळ. त्याचे चित्र २२४ × २८८ पिक्सेलचे, म्हणजे उभे आहे. भूलभुलैयात वळणे काटकोनात असल्याने त्याला चार दिशांची जॉयस्टिक लागते. आठ दिशांची जॉयस्टिक लावली तर तिरप्या स्थितीत दोन स्विच एकदम दाबले जातात आणि नेमके वळण चुकते. त्याच वर्षीच्या 'मिसाइल कमांड'ला ट्रॅकबॉल हवा, तर १९८१ च्या 'टेम्पेस्ट'ला फिरती चकती. प्रत्येक खेळाचे शरीर वेगळे होते.

३. बोर्ड खोक्यापासून सुटा झाला

एक खेळ पडला की अख्खे कॅबिनेट पडून राही. १९८१ साली निन्टेंडोच्या अमेरिकेतील शाखेकडे 'रडार स्कोप' या खेळाची सुमारे २,००० यंत्रे विक्रीविना पडली होती. शिगेरु मियामोतो यांनी तयार केलेला 'डाँकी काँग' हा नवा खेळ त्याच खोक्यांत बसवला गेला आणि कंपनी तरली. पण 'रडार स्कोप'ची अस्सल यंत्रे मात्र दुर्मिळ झाली. रूपांतराने धंदा वाचतो आणि इतिहास पुसला जातो, याचे हे ठळक उदाहरण.

असे रूपांतर सोपे नव्हते, कारण प्रत्येक कंपनीची तारजोडणी निराळी होती. १९८५-८६ च्या सुमारास जपानमधील यंत्र-उत्पादकांच्या संघटनेने एक समान जोडणी ठरवली. संघटनेच्या आद्याक्षरांवरून तिला 'जामा' म्हणतात. बोर्डाच्या कडेला ५६ टोके, एका बाजूला २८. त्यांतूनच वीज, लाल-हिरवा-निळा व्हिडिओ सिग्नल, सिंक, स्पीकर, नाण्याचा स्विच आणि दोन्ही खेळाडूंच्या जॉयस्टिक-बटणांच्या तारा जातात. जुना बोर्ड उपसा, नवा खोचा, खेळ बदलला.

फायदा उघड होता. तोटा असा, की खेळाडूमागे एक जॉयस्टिक आणि तीन-चार बटणे या साच्यात न बसणारी साधने मागे पडली. साचा मोडायचा तर वेगळी तार ओढावी लागे. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'ला सहा बटणे हवी होती. म्हणून लाथांच्या बटणांसाठी जास्तीचा हार्नेस द्यावा लागला. आज घरच्या कॅबिनेटवर तीन-तीन बटणांच्या दोन ओळी दिसतात, त्या या एका खेळामुळे रूढ झाल्या.

भारतातील पार्लरमध्ये खेळलेल्या पिढीला १९९३ चा कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आठवेल. त्यातील एका पात्राच्या नावावरून आपल्याकडे तो 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला गेला. खेळाचे खरे नाव अनेकांना पुढे कधीतरी कळले.

४. खेळ बोर्डापासून सुटा झाला

नव्वदच्या दशकात बोर्ड खराब होऊ लागले. कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या 'सीपीएस-२' बोर्डांत नक्कल रोखण्यासाठी प्रोग्राम सांकेतिक केलेला असे आणि त्याची किल्ली बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असे. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि धडधाकट बोर्ड कायमचा मुका होई. एखादे पुस्तक ठरावीक वर्षांनी आपोआप कोरे व्हावे, तसा हा प्रकार. ही सांकेतिक पद्धत हौशी संशोधकांनी २००७ साली पूर्ण उलगडली, म्हणून ते खेळ आज वाचलेले आहेत.

या जपणुकीचे मुख्य साधन म्हणजे 'मेम' हे सॉफ्टवेअर. इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी ५ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. जुन्या बोर्डावरील प्रोसेसर, ध्वनी-आयसी आणि व्हिडिओ सर्किट यांचे वर्तन ते सॉफ्टवेअरमध्ये उभे करते. जुने यंत्र कसे चालत होते याची चालती नोंद ठेवणे हा त्याचा जाहीर हेतू आहे; खेळता येणे हा त्याचा परिणाम. २०१६ पासून ते मुक्त स्रोत परवान्याखाली आहे.

'मेम' आले आणि घरी कॅबिनेट बांधण्याची चळवळ सुरू झाली. आरंभी लोक संगणकाचा कीबोर्ड उघडून त्याच्या बोर्डावर बटणांच्या तारा डकवत. पण कीबोर्डमध्ये कळा ओळी-स्तंभांच्या जाळीत असतात. तीन-चार कळा एकदम दाबल्या की न दाबलेली कळ उमटते किंवा दाबलेली गळते. दोन खेळाडूंच्या खेळात हे चालण्यासारखे नव्हते. मग प्रत्येक स्विचला स्वतंत्र प्रवेश देणारे एन्कोडर बोर्ड बाजारात आले. २००४ साली जॉन सेंट क्लेअर यांचे 'प्रोजेक्ट आर्केड' हे बांधणीवरचे पुस्तक निघाले. २०१२ साली रास्पबेरी पाय आल्यावर तर खोक्यातील अख्ख्या संगणकाची जागा तळहाताएवढ्या बोर्डाने घेतली.

५. पुन्हा जोडताना

आता आराखड्याकडे वळू. पहिला नियम: आधी खेळ ठरवा, मग फळी कापा. तुमच्या यादीत 'पॅक-मॅन'सारखे उभे खेळ जास्त आहेत की मारामारीचे आडवे, यावर बाकी सर्व ठरते.

पडद्याचे गणित स्वतः करून पाहा. २४ इंची १६:९ पडदा सुमारे ५३ सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच असतो. आडवा ठेवला तर ४:३ चित्र सुमारे १९.६ इंची मिळते. पण त्यावर उभा खेळ लावला तर तो जेमतेम १४.७ इंची दिसतो. तोच पडदा उभा केला तर उभ्या खेळाला पुन्हा १९.६ इंच मिळतात. चित्र ताणून पूर्ण पडदा भरू नका. वर्तुळाचे लंबवर्तुळ होते.

वेळेचेही गणित आहे. 'पॅक-मॅन'च्या बोर्डात पिक्सेलची घड्याळगती ६.१४४ मेगाहर्ट्झ आहे. एका ओळीत ३८४ ठोके आणि एका फ्रेममध्ये २६४ ओळी. भागाकार केला की सेकंदाला ६०.६ फ्रेम येतात. तुमचा एलसीडी ६० वर चालतो. म्हणून मधूनच बारीक हिसका दिसतो किंवा खेळ किंचित मंद चालवावा लागतो.

नियंत्रणाची फळी जमिनीपासून साधारण ९० ते १०० सेंमी उंचीवर, उभ्याने खेळता येईल अशी ठेवा. बटणांची मांडणी आधी पुठ्ठ्यावर कापून हात ठेवून पाहा. जपानी पद्धतीच्या मुख्य बटणांसाठी ३० मिमीची भोके लागतात, स्टार्टच्या बटणांसाठी २४ मिमीची. बाजूंना १८ मिमी प्लाय पुरतो. कडेला टी-आकाराची प्लास्टिक पट्टी ठोकण्याची जुनी पद्धत अजूनही उत्तम, कारण घासले जाते ती कडच. मायक्रोस्विचच्या तीन टोकांपैकी 'कॉमन' आणि 'नॉर्मली ओपन' ही दोनच वापरा; सर्व 'कॉमन' टोके एकाच तारेने साखळीसारखी जोडून एन्कोडरच्या ग्राउंडला न्या. मागे हवा खेळण्यासाठी जाळी ठेवा.

जुन्या पिक्चर ट्यूबचा मोह झाला तर सावध राहा. ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या आसपास विद्युतदाब असतो आणि वीज काढल्यावरही काही काळ टिकतो. जाणकार सोबत असल्याशिवाय मागचे झाकण उघडू नका.

कायद्याचेही भान ठेवा. 'मेम' मुक्त असले तरी खेळ मुक्त नाहीत. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या ज्याच्याकडे आहे, त्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. कोणाचीही प्रत कुठूनही उतरवून घेण्याची मुभा ते कलम देत नाही. कंपन्यांनी पुन्हा प्रसिद्ध केलेले संग्रह विकत घेणे किंवा स्वतःचा खेळ लिहिणे हे मार्ग खुले आहेत. विद्यार्थ्यांसाठी दुसरा मार्ग अधिक फायद्याचा.

आणि शेवटचे: एखाद्या बंद पडलेल्या पार्लरमधले अस्सल यंत्र तुम्हाला मिळाले, तर आतले काढून टाकून त्यात नवा बोर्ड बसवण्याची घाई करू नका. आधी फोटो काढा, मापे घ्या, तारजोडणी कागदावर उतरवा, बोर्डावरची बॅटरी तपासून घ्या. प्रोग्राम जपणारे जगभर आहेत. पण आपल्या गावातल्या खोक्याची उंची, त्याचे नाण्याचे तोंड आणि त्यावर रंगवलेले नाव नोंदवणारे बहुधा तुम्हीच असाल.

विचारासाठी प्रश्न

१. 'पाँग' आणि 'पॅक-मॅन' यांचे जतन करण्याच्या पद्धती मुळातच वेगळ्या का आहेत?

२. 'जामा' जोडणीमुळे खेळांच्या रचनेवर कोणती बंधने आली? आजच्या यूएसबीशी तिची तुलना करा.

३. उभे आणि आडवे असे दोन्ही प्रकारचे खेळ एकाच कॅबिनेटवर खेळायचे असतील तर पडदा कसा बसवाल? २४ इंची पडद्यासाठी खोक्याची आतली किमान रुंदी काढा.

४. 'स्पेस इन्व्हेडर्स'ची रंगीत पट्टी आज सॉफ्टवेअरने दाखवली, तर तो मूळ खेळ म्हणावा का? दोन्ही बाजूंनी मांडणी करा.