घटना-हाताळक व वस्तुसंदर्भ

महाजालावरील पृष्ठात बटण दाबणे, कळफलकावरील कळ दाबणे यांसारख्या वापरकर्त्याच्या कृतीस ‘घटना’ म्हणतात. घटना घडताच चालणारे फंक्शन म्हणजे ‘घटना-हाताळक’ होय. हे फंक्शन ज्या वस्तूचा (ऑब्जेक्टचा) भाग म्हणून लिहिलेले असते, तिचीच माहिती त्याने वापरावी अशी अपेक्षा असते. जावास्क्रिप्ट भाषेत ती आपोआप पुरी होत नाही.

चालू वस्तूचा निर्देश करणारा ‘धिस’ हा शब्द नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगोर यांच्या सिम्युला ६७ या भाषेत प्रथम रूढ झाला. पुढे तो सी++ व जावा यांत आला. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केला. त्यातील वाक्यरचना जावासारखी होती. मात्र फंक्शन हे संख्येप्रमाणे कोठेही पाठविता येणारे मूल्य मानणे, ही कल्पना स्कीम या भाषेतील होती. या मिश्रणात ‘धिस’चा अर्थ फंक्शन लिहिताना नव्हे, तर ते बोलावताना ठरू लागला.

समजा, ‘गणक’ या वस्तूत ‘वाढव’ हे फंक्शन असून ते ‘धिस’ची संख्या एकाने वाढविते. ‘गणक.वाढव’ असे बोलावल्यास ‘धिस’ म्हणजे गणक. तेच फंक्शन बटणाकडे सोपविले, की गणकाशी असलेला त्याचा संबंध तुटतो व बटण दाबल्यावर ‘धिस’ म्हणजे बटण ठरते. गणकातील संख्या तशीच राहते, बटणावर ‘संख्या नव्हे’ असे मूल्य चिकटते आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. तथापि हा निव्वळ दोष म्हणता येणार नाही; एकच फंक्शन अनेक वस्तूंना वापरता येते ते याच लवचिकपणामुळे.

ब्राउझरांतील मतभेदांनी गोंधळ वाढविला. मायक्रोसॉफ्टच्या ‘अटॅचइव्हेंट’ या सोयीत ‘धिस’ बटणही नसे, तर संपूर्ण खिडकी असे. नोव्हेंबर २००० च्या जागतिक मानकात फंक्शनाऐवजी वस्तूच नोंदविण्याची तरतूद होती. ती नेटकी असूनही उपेक्षित राहिली. बहुतेकांनी ‘धिस’ दुसऱ्या नावाच्या चलात साठवून आतील फंक्शनात वापरण्याची युक्ती पत्करली. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत अशा रचनेमुळे वस्तू व बटण एकमेकांना धरून बसत आणि स्मृती मोकळी होत नसे.

सॅम स्टीव्हन्सन यांच्या प्रोटोटाइप या संग्रहाने २००५ च्या सुमारास ‘बाइंड’ ही रीत लोकप्रिय केली. तीत फंक्शन व वस्तू यांची गाठ मारलेले नवे फंक्शन मिळते. डिसेंबर २००९ च्या मानकाने ती स्वीकारली. प्रत्येक वेळी नवेच फंक्शन तयार होत असल्याने हाताळक काढून टाकताना तेच हाती असावे लागते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नसे. याच मानकातील कडक पद्धतीत सुट्या बोलावलेल्या फंक्शनाचा ‘धिस’ रिकामा ठेवला गेला. त्यामुळे तेथे तरी चूक लगेच उघड होऊ लागली.

जून २०१५ च्या मानकातील बाण-फंक्शनास स्वतःचा ‘धिस’ नसतो. ते सभोवतालचाच ‘धिस’ घेते. त्याच वर्षी रिअ‍ॅक्ट या संग्रहाने वर्गरचना स्वीकारताना पूर्वीची आपोआप गाठ मारण्याची सोय वर्गांना दिली नाही. परिणामी वर्गांच्या आरंभी ‘बाइंड’च्या ओळींची रांग दिसू लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘हुक’ आले व नव्या घटकांना ‘धिस’ची गरजच उरली नाही. वर्गरूप जुने घटक मात्र अद्याप चालतात व त्यांच्यासोबत त्या ओळीही.